खडकावरची हंगामी बाग : आपल्या समुद्रातील शेवाळे



'शेवाळ' म्हटले की आपल्याला पहिल्यांदा काय आठवते? विहिरीच्या ओल्या पायऱ्या, पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर चढलेला हिरवा थर आणि "जपून पाय टाक, घसरशील" हे आजीचे सांगणे. शेवाळ म्हणजे निसरडे काहीतरी, खरवडून टाकायची वस्तू, असाच आपला समज असतो. समुद्रावर गेलो आणि पायाला तपकिरी, ओला झुपका लागला तर आपण "ई, घाण!" म्हणून बाजूला होतो.

या अंकात आम्ही विज्ञान विषयाचे शिक्षक याच 'घाणी'ची ओळख करून देणार आहोत. आपण गोव्यात राहतो. हणजूण, वागातोर, दोना पावल, काब द राम येथे खडक आणि समुद्र एकमेकांना भिडतात. ओहोटीच्या वेळी या खडकांवर जी बाग उघडी पडते, ती पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. आपण मात्र तिच्यावरून चपला घालून चालत जातो आणि खाली पाहतही नाही. ही बाग वर्षातले काही महिनेच फुलते आणि अगदी अरुंद पट्ट्यात वाढते. तिचा उपयोग करून घ्यायचा असेल तर आधी तिचे वेळापत्रक समजून घ्यायला हवे.

झाड नव्हे, तरी झाडासारखे

समुद्रातील शेवाळाला पुस्तकात 'सागरी शैवाल' म्हणतात. आम्ही या लेखात साधा 'समुद्रशेवाळ' हा शब्द वापरतो. दिसायला ते झाडासारखे असते, पण त्याला मूळ नसते, खोड नसते, फूल नसते आणि बीही नसते. खाली खडकाला चिकटून राहणारा एक भाग असतो. त्याला आपण 'पकड' म्हणू. त्याच्यावर देठासारखा भाग आणि त्याला पात्यासारखे पसरलेले अंग. माडाचे मूळ जमिनीतून पाणी आणि क्षार शोषते, तसे ही पकड काहीच शोषत नाही. तिचे काम एकच, लाटांचा मार बसला तरी खडक सोडायचा नाही. अन्नद्रव्ये शोषण्याचे काम शेवाळाचे सगळे अंग करते. चारी बाजूंनी पाणीच असल्यावर मुळांची गरज काय?

येथे एक फरक लक्षात ठेवा. समुद्राच्या तळाशी वाळूत वाढणारे 'सागरी गवत' हे शेवाळ नव्हे. त्याला खरी मुळे असतात, फुले येतात, बीही धरते. ते जमिनीवरच्या फुलझाडांचे नातेवाईक आहे. परीक्षेत हा प्रश्न आला तर गोंधळू नका!

समुद्रशेवाळांचे रंगावरून तीन मोठे गट पाडतात : हिरवे, तपकिरी आणि तांबडे. हरितद्रव्य तिन्ही गटांत असते. पण तपकिरी गटात फ्युकोझँथिन नावाचे आणि तांबड्या गटात फायकोएरिथ्रिन नावाचे जादा रंगद्रव्य असते आणि त्यामुळे हिरवा रंग झाकला जातो. ही रंगद्रव्ये नुसती शोभेची नसतात. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की त्यातला तांबडा भाग लवकर शोषला जातो आणि खोल पाण्यात निळा-हिरवा प्रकाश तेवढा पोचतो. तांबड्या शेवाळाचे रंगद्रव्य हाच उरलेला प्रकाश टिपते. १९८४ मध्ये बहामा बेटांजवळ तब्बल २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटलेले तांबडे शेवाळ आढळले. आपल्या डोळ्यांना तेथे जवळजवळ काळोखच दिसला असता.

भारताच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळांच्या सुमारे साडेआठशे जाती नोंदल्या गेल्या आहेत. गुजरातचा किनारा, तमिळनाडूतील मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान ही त्यांची मोठी घरे. गोवा आणि शेजारचा सिंधुदुर्ग हेही या यादीत मानाने बसतात. कॅलिफोर्नियाच्या थंड समुद्रात 'केल्प' नावाच्या तपकिरी शेवाळाची उंच जंगले असतात आणि अनुकूल काळात ते दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढते. आपला समुद्र उबदार असल्यामुळे ती जंगले आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे असतात ती गुडघ्याएवढी झुडपे, झुपके आणि गालिचे.

एका खडकावरचे मजले

वाळूच्या किनाऱ्यावर शेवाळ का दिसत नाही? कारण वाळू हलती. पकड धरायला काहीतरी पक्के लागते. म्हणून मिरामारच्या वाळूत जे सापडत नाही, ते जवळच दोना पावलच्या खडकांवर सापडते.

आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण दोन मीटरांचा फरक पडतो. या दोन मीटरांतच शेवाळांची सगळी वस्ती मजल्यामजल्यांनी वसलेली असते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला दिवसातले कितीतरी तास ऊन आणि वारा सोसावा लागतो. तेथे हिरव्या शेवाळांचे राज्य. 'उल्वा' हे त्यातले ओळखायला सोपे. कोथिंबिरीच्या रंगाचे, पातळ कागदासारखे पाते. त्याची जाडी फक्त दोन पेशींची असते! त्याच्याबरोबर केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे 'कीटोमॉर्फा' असते.

मधल्या मजल्यावर, खडकांतल्या डबक्यांच्या कडेला 'पडायना' भेटते. त्याचा आकार पंख्यासारखा असतो, आणि त्यावर एकाआड एक फिकट पट्टे असतात. जणू मोराचा लहानसा पिसारा. हे पट्टे पांढुरके दिसतात ते चुन्यामुळे. तपकिरी शेवाळांत अंगावर चुना साठवणाऱ्या जाती फारच थोड्या आहेत, त्यांतली ही एक. तेथेच फांद्याफांद्यांची तांबडी शेवाळे असतात : हिप्निया, ग्रॅसिलेरिया, अकँथोफोरा.

सर्वांत खालच्या मजल्यावर, मोठ्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या खडकांवर 'सरगॅसम' असते. सोनेरी-तपकिरी रंग, पानांसारखी पाती आणि मधूनमधून मिरीच्या दाण्याएवढे फुगे. या फुग्यांत वायू भरलेला असतो. भरती आली की हे फुगे फांद्यांना वर उचलून धरतात आणि पाती उजेडात राहतात. ओहोटीला आडवे पडलेले सरगॅसम पाहून त्याच्या देखणेपणाची कल्पना येत नाही. पाण्याखाली ते उभे राहून डुलत असते.

पाऊस, थंडी, ऊन : शेवाळाचे पंचांग

शेतकऱ्याचे जसे खरीप आणि रब्बी, तसे समुद्रशेवाळाचेही हंगाम असतात. आपल्याकडे मुख्य हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, मांडवी-जुवारीचे गोडे पाणी आणि लाल गाळ किनाऱ्याच्या पाण्यात मिसळतो, उजेड आत शिरत नाही. त्या दिवसांत बहुतेक शेवाळे दिसेनाशी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी निवळते आणि खडकांवर कोंब फुटू लागतात. डिसेंबर ते मार्च हा भर हंगाम. एप्रिल-मे मध्ये ऊन तापले की पाती विरतात, तुटतात आणि लाटांबरोबर वाळूवर येऊन पडतात. मे महिन्यात पायाला लागणारा तो तपकिरी झुपका म्हणजे सुगी संपल्यावर उरलेला पेंढा समजा.

मग पुढच्या वर्षी बाग येते कुठून? याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, अनेक शेवाळे मरण्यापूर्वी डोळ्यांना न दिसणारे बीजाणू पाण्यात सोडतात. ते खडकाच्या फटींत जाऊन बसतात आणि वेळ आली की वाढतात. दुसरे उत्तर सरगॅसमसारख्यांचे. त्यांच्या फांद्या झडून जातात, पण पकड खडकावर जिवंत राहते. त्याच पकडीतून पुढच्या हंगामात नवीन फांद्या फुटतात. हे दुसरे उत्तर नीट लक्षात ठेवा, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

भर पावसाळ्यातच उगवणारे एक शेवाळही आपल्या खडकांवर आहे. त्याचे नाव 'पॉर्फिरा'. लाटांचे तुषार उडतात अशा वरच्या खडकांवर जांभळट-तपकिरी, ओल्या प्लास्टिकसारखी पातळ पाती दिसतात. ऊन पडले तर ती सुकून काळ्या कागदासारखी खडकाला चिकटतात आणि पुन्हा पाणी मिळाले की जिवंत होतात. जपानी लोक भाताभोवती गुंडाळून खातात ती 'नोरी' याच शेवाळाच्या जातभाईंपासून करतात.

ज्या बाईंमुळे जपानची शेती वाचली

नोरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानी कोळी शेकडो वर्षे उथळ पाण्यात बांबू रोवून किंवा जाळी बांधून नोरी धरत असत. पण तिचे 'बी' कोठून येते हे कोणालाच ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात ती नाहीशी होई, हिवाळ्यात आपोआप परत येई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत वादळे आणि इतर कारणांनी पीक बुडाले आणि लोक हवालदिल झाले.

उत्तर सापडले ते इंग्लंडात. कॅथलीन ड्र्यू-बेकर या मँचेस्टरच्या संशोधिका ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या पॉर्फिराचा अभ्यास करीत होत्या. शिंपल्यांवर वाढणारा एक गुलाबी, धाग्यांसारखा जीव तेव्हा स्वतंत्र शेवाळ मानला जाई. ड्र्यू-बेकर यांनी दाखवून दिले की ते वेगळे शेवाळ नसून पॉर्फिराच्याच आयुष्यातला एक टप्पा आहे. पॉर्फिरा उन्हाळा शिंपल्यात लपून काढते! हे संशोधन १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जपानी शास्त्रज्ञांनी ते वाचले, शिंपल्यांवर बीजाणू वाढवण्याची पद्धत बसवली आणि नोरीची शेती पुन्हा उभी राहिली. ड्र्यू-बेकर १९५७ मध्ये वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. तरीही जपानमधील उतो या गावी कोळ्यांनी १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले आणि दरवर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांची आठवण केली जाते.

शिंपल्यावरच्या गुलाबी डागाचा अभ्यास करून काय मिळणार, असे त्यांना कोणी विचारलेही असेल. मुलांनो, 'याचा काय उपयोग' हा प्रश्न वाईट नाही, पण तो फार लवकर विचारू नये.

शेवाळात राहते कोण, खाते कोण

ओहोटीला एखाद्या झुपक्याशी पाच मिनिटे शांत बसा. आधी काहीच दिसणार नाही. मग एक गोगलगाय हलेल, शेवाळाच्याच रंगाचा एक खेकडा सरकेल, झिंग्यासारखे बारीक जीव उड्या मारतील. नशीब असेल तर 'समुद्री ससा' दिसेल. ही कवच आत लपवलेली मोठी गोगलगाय शेवाळ चरते आणि डिवचल्यास जांभळी शाई सोडते. माशांची पिल्ले या झुडपांत लपून मोठी होतात. खडकावर ऊन पडलेले असताना झुपक्याखाली ओल आणि गारवा टिकतो, म्हणून तेथे कितीतरी जीव ओहोटीचे तास काढतात.

वाळूवर येऊन पडलेले शेवाळही वाया जात नाही. त्यात किडे होतात, त्यांवर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात, खेकडे ते कुरतडतात. उरलेले कुजून पुन्हा समुद्राला खत होते.

शेवाळे कार्बन डायऑक्साइड शोषतात हे खरे, पण त्याबद्दल अलीकडे जरा जास्तच मोठ्या गोष्टी ऐकू येतात. शेवाळ कुजले की त्यातला बराचसा कार्बन परत पाण्यात आणि हवेत जातो. जो भाग खोल समुद्रात बुडून गाळात गाडला जातो, तेवढाच दीर्घकाळ अडकून राहतो. तो किती असतो, हे मोजण्याचे काम जगभर चालू आहे.

शेवाळ नेहमीच चांगले असते असेही नाही. सांडपाणी आणि खते समुद्रात गेली की काही हिरवी शेवाळे बेसुमार वाढतात. २००८ मध्ये चीनमधील चिंगदाओ येथे ऑलिंपिकच्या नौकास्पर्धांच्या तोंडावर सारी खाडी उल्वाने हिरवीगार झाली आणि ती उपसायला हजारो माणसे लावावी लागली. २०११ पासून कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर तरंगत्या सरगॅसमचे ढीग येऊन कुजतात. म्हणून खडकावर एखाद्या नाल्याच्या तोंडाशी उल्वाच उल्वा दिसले आणि पडायना, सरगॅसम कुठेच दिसले नाही, तर दोष शेवाळाचा नव्हे. ते आपल्या गटाराची बातमी सांगत असते.

घरात आलेले शेवाळ

"आम्ही शेवाळ खात नाही" असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. वाण्याकडे मिळणारे 'चायना ग्रास' म्हणजे काय? ते गवत नव्हेच. ते आहे अगर, म्हणजे ग्रॅसिलेरिया, जेलिडियम यांसारख्या तांबड्या शेवाळांतून काढलेला पदार्थ. जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, म्हणून शाकाहारी घरांत दुधाच्या वड्या आणि पुडिंगसाठी चायना ग्रास वापरण्याची पद्धत आहे.

याच अगरने वैद्यकशास्त्राला मोठा हात दिला. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटीन वापरत. उन्हाळ्यात ते वितळे, शिवाय काही जंतू ते खाऊनच टाकत. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी १८८१ च्या सुमारास सुचवले की जेलीसाठी आपण स्वयंपाकघरात वापरतो ते अगर घ्या. पूर्वी जावा बेटात राहिलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते. अगर एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही. आजही दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत जंतू वाढवतात ते अगरवरच.

तपकिरी शेवाळांतून 'अल्जिनेट' मिळते. दंतवैद्य दातांचा ठसा घेताना तोंडात जो लगदा घालतात तो बहुधा अल्जिनेटचा. कापडावर छपाई करताना रंग पसरू नये म्हणूनही ते वापरतात. तांबड्या शेवाळांतले 'कॅराजीनन' आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध आणि टूथपेस्ट यांना दाटपणा आणते. उद्या सकाळी दात घासताना डबीवरची बारीक अक्षरे वाचून पाहा.

आयोडीनचा शोधही शेवाळातूनच लागला. नेपोलियनच्या लढायांच्या काळात फ्रान्समध्ये बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा होता. बेर्नार कूर्त्वा हे शेवाळाच्या राखेपासून क्षार काढीत असत. १८११ मध्ये त्या राखेत जरा जास्त आम्ल पडले आणि जांभळी वाफ निघाली. तेच आयोडीन.

शेतीलाही शेवाळ जुनेच ओळखीचे आहे. किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ गोळा करून, पावसात धुऊन माडांच्या आळ्यात घालण्याची रीत भारताच्या किनाऱ्यांवर आहे. आता शेवाळाचा रस काढून पिकांवर फवारतात. इफ्कोचे 'सागरिका' हे त्यातले शेतकऱ्यांच्या ओळखीचे नाव.

काढायचे की लावायचे?

एवढे उपयोग म्हटल्यावर मागणी वाढणारच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात सुमारे पावणेचार कोटी टन ओले शेवाळ निघाले आणि त्यातले जवळजवळ सगळे, म्हणजे ९७ टक्के, समुद्रात लागवड केलेले होते. चीन आणि इंडोनेशिया त्यात सर्वांत पुढे. भारताचा वाटा अगदी नगण्य. तो वाढावा म्हणून २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठरवण्यात आले. त्यामुळे किनाऱ्यावरच्या सगळ्याच राज्यांत आता शेवाळशेतीचे बोलणे चालू आहे. आपल्यालाही आज ना उद्या त्यावर मत द्यावे लागेल. तेव्हा तमिळनाडूचा अनुभव माहीत असलेला बरा.

रामनाथपुरम जिल्ह्यातील स्त्रिया पिढ्यानुपिढ्या समुद्रात बुड्या मारून शेवाळ काढतात. बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून, जाळीची पिशवी कमरेला लावून त्या तासन् तास पाण्यात असतात. आपल्याच कामाने खडक उघडे पडू नयेत म्हणून त्यांनी काढणीचे दिवस स्वतःच मर्यादित केले. त्यांच्या नेत्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. ज्यांचे पोट शेवाळावर आहे, त्यांनाच त्याची मर्यादा आधी कळली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्याच भागात लागवडही होते. बांबूचे तीन मीटर लांब-रुंद तराफे करायचे, त्यावर दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना 'कप्पाफायकस' या तांबड्या शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि ४५ दिवसांनी काढणी. हे शेवाळ मूळचे फिलिपिन्सकडचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ते भारतात आणले. २००० नंतर त्याची व्यापारी लागवड वाढली आणि बचत गटांतल्या अनेक स्त्रियांच्या हाती पैसा आला. ही जमेची बाजू.

दुसरी बाजूही आहे. कप्पाफायकस तुकड्यांपासून वाढते. तुटलेले तुकडे वाहत जाऊन मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर वाढू लागले आणि प्रवाळ त्याखाली झाकले जात असल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. शिवाय सारे पीक मोजक्याच रोपांच्या तुकड्यांपासून वाढवलेले. म्हणजे एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. २०१३ नंतर पाणी तापून रोग पडला तेव्हा उत्पादन एकदम कोसळले.

यावरून आम्हाला असे वाटते की शेवाळशेती वाईट नाही. उलट खडकावरचे ओरबाडण्यापेक्षा दोरीवर वाढवलेले केव्हाही चांगले. पण बी बाहेरचे आणण्यापूर्वी आपल्याच समुद्रातल्या ग्रॅसिलेरिया, उल्वा यांसारख्या जाती आधी तपासाव्यात. प्रवाळ आणि समृद्ध खडकांपासून लागवड लांब ठेवावी. आणि आपला पावसाळा विसरू नये. जून ते सप्टेंबर येथे दोरी तर सोडाच, बांबूही टिकणार नाही. तमिळनाडूचे वेळापत्रक गोव्याला जसेच्या तसे लागू होत नाही.

आपण काय करायचे

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे येऊ. सरगॅसमची पकड खडकावर राहिली तर पुढच्या वर्षी फांद्या फुटतात. कोणी हौसेने, कोणी नमुना म्हणून, कोणी विकायला झुपका मुळासकट उपटला, की पकडही जाते आणि त्या जागी पुढच्या वर्षी खडक उघडा राहतो. कात्रीने वरून कापणे आणि हाताने उपटणे यांत दिसायला थोडाच फरक आहे. बागेच्या दृष्टीने मात्र तो जगण्या-मरण्याचा फरक आहे.

म्हणून किनाऱ्यावर जाताना एवढे पाळा :

१. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाणी फारसे उतरत नाही. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघा. पाणी उतरत असताना जा आणि वाढू लागण्यापूर्वी परत या. मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका, पावसाळ्यात तर खडकांवर अजिबात जाऊ नका.

२. उघड्या खडकावर पाय ठेवा, शेवाळावर नको. दगड उलटून पाहिला तर पूर्वीसारखाच ठेवा.

३. जिवंत शेवाळ उपटू नका. नमुना हवा असेल तर वाहून आलेल्यातला ताजा तुकडा घ्या. शेजारच्या मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे गेलात तर काहीही उचलू नका.

४. सापडलेले शेवाळ घरी आणून खाऊ नका. शेवाळे पाण्यातले जड धातूही शोषून घेतात आणि जवळ कुठे सांडपाणी सुटते हे आपल्याला दिसत नाही.

नमुना जपण्याची पद्धत सोपी आहे. पसरट ताटात पाणी घ्या, त्यात धुतलेले शेवाळ तरंगू द्या. खालून जाड पांढरा कागद सरकवा, काडीने फांद्या मोकळ्या करा आणि कागद तिरका करून हळूच वर उचला. वर मलमलीचा तुकडा ठेवून रद्दीच्या घड्यांत घाला आणि वजन ठेवा. रद्दी रोज बदला. बहुतेक शेवाळे आपल्याच चिकाने कागदाला चिकटतात, डिंक लागत नाही. कोपऱ्यात तारीख, ठिकाण आणि खडकाचा कोणता मजला ते जरूर लिहा. तारीख नसलेला नमुना म्हणजे नुसते चित्र.

नावे ओळखायला आपल्याच शेजारच्या संस्थेची मदत होते. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तेथील धारगळकर आणि कवळेकर यांनी तयार केलेली समुद्रशेवाळांची क्षेत्रपुस्तिका २००४ मध्ये निघाली आहे.

आमची सूचना अशी : प्रत्येक वर्गाने एकच खडक निवडावा. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा, त्याच जागेचे छायाचित्र घ्यावे आणि कोणती शेवाळे दिसली ते वहीत लिहावे. एका वर्षात त्यातून फारसे काही कळणार नाही. पण तुमच्यानंतरच्या वर्गाने ती वही पुढे चालवली, त्यांच्यानंतरच्यांनीही चालवली, तर दहा वर्षांनी 'येथे पूर्वी सरगॅसम होते' हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही. ते शाळेच्या वहीत तारखेसह लिहिलेले असेल. किनाऱ्यावर शेवाळशेती करायची की नाही, कोणत्या खडकाला हात लावायचा नाही, हे ठरवताना अशी वही उपयोगी पडेल.

पहिली नोंद येत्या ऑक्टोबरमध्ये, पाणी निवळल्यावर करू. वह्या विज्ञान कक्षात ठेवल्या आहेत, वर्गप्रतिनिधींनी घेऊन जाव्यात.